ओव्हरक्लॉकिंगनंतर कॉम्प्युटर सुरूच होत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. त्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगच्या स्क्रीनवर, दोन-तीन आकडे बदलले, सेव्ह केलं, कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला आणि स्क्रीन काळी ती काळीच. पंखे फिरतायत, दिवे लागलेत, पण डिस्प्लेचा पत्ता नाही. अशा वेळी पोटात गोळा येतोच. म्हणून आधी एवढं सांगतो की बहुतेक वेळा काहीही जळालेलं नसतं. बोर्डाने न झेपणारे आकडे लक्षात ठेवलेले असतात आणि ते त्याला विसरायला लावायचे असतात. खरं नुकसान बऱ्याचदा त्यानंतरच्या घाईत होतं : सॉकेटच्या पिना वाकतात, उगाच विंडोज पुन्हा टाकलं जातं, बायोस अपडेट अर्धवट राहतं. प्रश्न साधारण ज्या क्रमाने मनात येतात त्याच क्रमाने घेतले आहेत. जमल्यास त्याच क्रमाने वाचा.

माझा प्रोसेसर जळाला का?

जवळपास नक्कीच नाही. नुसती फ्रिक्वेन्सी जास्त झाली तर प्रोसेसर चुकीची उत्तरं काढतो आणि अडकतो. त्याने तो जळत नाही. उष्णतेपासून तो स्वतःला सांभाळतो : इंटेलचे बरेच डेस्कटॉप प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतले बरेचसे ९५ अंशांवर आपला वेग आपणच कमी करतात. तरीही तापमान चढत राहिलं तर यंत्रणा बंद पडते.

खरी भीती व्होल्टेजची. प्रोसेसर किती वीज खातो ते ढोबळमानाने फ्रिक्वेन्सी गुणिले व्होल्टेजचा वर्ग या हिशोबाने ठरतं. समजा ४.५ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्टवरून तुम्ही ५ गिगाहर्ट्झ आणि १.४ व्होल्टवर गेलात. वेग वाढला ११ टक्के, पण वीज आणि उष्णता वाढली जवळजवळ ५१ टक्के. म्हणून स्वतःला एकच गोष्ट विचारा : मी व्होल्टेज हाताने बदललं होतं का? फक्त मल्टिप्लायर (बेस क्लॉक या मूळ वेगाला ज्याने गुणून प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी ठरते तो आकडा) वाढवला असेल किंवा रॅमचं प्रोफाइल (तिच्या जास्त वेगाचे तयार आकडे) चालू केलं असेल, तर निर्धास्तपणे पुढे वाचा. १.२५ लिहिताना आकडे उलटसुलट होऊन १.५२ पडलं असेल तर काळजीचं कारण आहे, पण तेव्हाही आधी सेटिंग मूळ स्थितीत आणून बघायचं आणि मगच निष्कर्ष काढायचा. (बरेच बोर्ड असा धोक्याचा आकडा पिवळ्या किंवा लाल रंगात दाखवतात. तो रंग दिसला की सेव्ह करायच्या आधी आकडा पुन्हा एकदा वाचा.)

जळका वास आला किंवा धूर दिसला तर मात्र प्लग काढा आणि पुन्हा चालू करून बघण्याच्या फंदात पडू नका.

“सुरू होत नाही” म्हणजे नेमकं काय समजायचं?

यात चार वेगळ्या अवस्था आहेत आणि प्रत्येकीचा इलाज वेगळा आहे. बटण दाबलं तरी पंखासुद्धा हलत नसेल, तर शंका एसएमपीएसवर (वीज पुरवणाऱ्या डब्यावर) आणि केबलवर घ्यायची. पंखे फिरतात पण डिस्प्ले नाही, ही ओव्हरक्लॉकिंगनंतरची नेहमीची तक्रार. कॉम्प्युटर चालू होतो, काही सेकंदांत बंद पडतो आणि पुन्हा आपोआप चालू होतो, हेही बहुधा त्याच कारणाने होतं. कंपनीचा लोगो दिसतो पण विंडोज उघडत नाही, तर बोर्डाची प्राथमिक तपासणी पार पडलेली आहे आणि अडचण पुढची आहे. तिचा प्रश्न खाली वेगळा घेतला आहे.

आता कॅबिनेटची बाजू उघडा आणि बोर्डाच्या कडेला बारीक दिवे आहेत का पाहा. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच बोर्डांवर असे चार दिवे असतात : सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (विंडोजची डिस्क). चालू होताना ते एकामागून एक लागतात आणि विझतात. जो लागून राहिला, तिथे गाडी अडली. डीरॅमचा दिवा अडला तर रॅम किंवा प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर (रॅम सांभाळणारा भाग), आणि ओव्हरक्लॉकिंगनंतर सगळ्यात जास्त वेळा अडतो तो हाच. महागड्या बोर्डांवर दोन अंकी आकडा दिसतो. त्याचा अर्थ त्या बोर्डाच्या मॅन्युअलमधूनच काढा, कारण सगळ्या बोर्डांवर एकाच आकड्याचा अर्थ एकच असेल असं नाही.

काळी स्क्रीन दिसली की किती वेळ थांबायचं?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बराच जास्त. रॅमची फ्रिक्वेन्सी किंवा टायमिंग बदललं की बोर्ड रॅमशी नव्याने जुळवून घेतो. प्रत्येक तारेवरचा सिग्नल नेमका कोणत्या क्षणी वाचायचा हे तो करून बघत ठरवतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर४ या जुन्या पिढीच्या रॅममध्ये हे सहसा काही सेकंदांत उरकतं. डीडीआर५ या त्यापुढच्या पिढीत, विशेषतः रायझेन ७००० आणि त्यापुढच्या प्रोसेसरांसोबत आणि रॅम भरपूर असेल तर, याला काही मिनिटं लागू शकतात. त्या काळात स्क्रीन काळी राहते, डीरॅमचा दिवा लागून राहतो, आणि कॉम्प्युटर एक-दोनदा स्वतःहून बंद होऊन चालूही होतो.

माझ्याकडे पहिल्यांदा डीडीआर५ आली तेव्हा मला हे माहीत नव्हतं. प्रोफाइल चालू केलं, चाळीसएक सेकंद थांबलो, काही दिसेना म्हणून बटण दाबून बंद केलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा चाळीस सेकंद, पुन्हा बंद. असं चार वेळा झालं. दर वेळी ट्रेनिंग अर्ध्यावर तुटत होतं आणि पुढच्या वेळी पहिल्यापासून सुरू होत होतं. शेवटी हताश होऊन तसंच चालू ठेवून पाणी प्यायला उठलो, आणि परत आलो तर स्क्रीनवर बायोस उघडलेलं. तेव्हापासून कोणी विचारलं तर मी पहिल्यांदा घड्याळ लावायला सांगतो. डीडीआर५ असेल तर पूर्ण १० ते १५ मिनिटं द्या. तोवर बटणाला हात लावू नका.

बोर्ड आपोआप मूळ सेटिंगवर का येत नाही?

बरेच बोर्ड येतात. दोन-तीनदा चालू होण्याचा प्रयत्न फसला की ते सुरक्षित आकडे घेऊन उठतात आणि ओव्हरक्लॉकिंग फसल्याचा संदेश दाखवून बायोसमध्ये यायला सांगतात. असा संदेश दिसला तर आत जा, डिफॉल्ट सेटिंग लोड करा, सेव्ह करा. काम झालं. पण ही सोय प्रत्येक वेळी कामाला येईलच असं नाही. रॅमची जुळवणी जेमतेम होत असेल तर बोर्डाला वाटतं सगळं ठीक आहे, आणि तो पुढच्या पायरीवर लटकतो.

सीमॉस क्लिअर केलं तर माझा डेटा जाईल का?

सीमॉस क्लिअर करणं म्हणजे बायोसची जपलेली सेटिंग पुसून मूळ स्थितीत आणणं. त्याने हार्ड डिस्क किंवा एसएसडीवरची एकही फाइल जात नाही. तरी क्लिअर करण्याआधी हे उत्तर नीट वाचा, कारण अनेक जण खऱ्या अर्थाने इथे अडकतात.

विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा एन्क्रिप्ट करून कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल तर बायोसच्या सेटिंगमध्ये झालेला बदल त्याला संशयास्पद वाटू शकतो, आणि तो ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलं असेल तर तुम्ही कधी स्वतः चालू केलेलं नसतानाही एन्क्रिप्शन चालू असू शकतं. ती की बहुधा त्याच खात्यात जपलेली असते. मोबाइलवरून खातं उघडा, की शोधा आणि कागदावर उतरवून घ्या. की नसेल तर डेटा समोर असून उघडता येत नाही, आणि दुकानातलं कोणीही तो उघडून देऊ शकत नाही. रायझेनच्या बोर्डाने एफटीपीएम (कुलपाच्या किल्ल्या जपणारा सुरक्षा भाग) रीसेट करायचा का असं विचारलं आणि की तुमच्या हातात नसेल, तर “एन” दाबून नकार द्या.

दुसरी गोष्ट स्टोरेजच्या मोडची, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो त्याची. तुमचं विंडोज रेड किंवा व्हीएमडी मोडवर टाकलेलं असेल आणि रीसेटनंतर बोर्ड एएचसीआय मोडवर आला, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही आणि निळी स्क्रीन येते. मोड पूर्वीसारखा केला की सगळं जागेवर येतं. बूटचा क्रम, सिक्युअर बूट, पंख्यांचे वेग, तारीख-वेळ हेही पुन्हा बघावं लागेल.

सीमॉस नीट क्लिअर कसं करायचं?

काही बोर्डांच्या मागच्या बाजूला यासाठी वेगळं बटण असतं. ते असेल तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे दाबा आणि पुढचा भाग सोडून द्या.

बटण नसेल तर कॉम्प्युटर बंद करा, एसएमपीएसचा मागचा स्विच बंद करा आणि भिंतीतला प्लगही काढा. प्लग जोडलेला असताना कॉम्प्युटर बंद दिसला तरी बोर्डाला ५ व्होल्टची स्टँडबाय वीज मिळत असते. आता पॉवरचं बटण १० ते १५ सेकंद दाबून धरा. कॅपॅसिटरमध्ये उरलेली वीज निघून जाते. पंखा कधी कधी अर्धा गिरका घेऊन थांबतो, बोर्डावरचा दिवा मंद होत विझतो. तो विझला की समजायचं, आता हात घालायला हरकत नाही. त्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते.

मग बोर्डावर क्लिअर सीमॉसच्या पिना शोधा. सहसा त्या खालच्या कडेला किंवा गोल सेलच्या जवळ असतात. काही बोर्डांवर त्यांच्याजवळ सीएलआरटीसी किंवा जेबॅट१ अशी अक्षरं असतात. दोनच पिना असतील तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक दोन्हींना एकाच वेळी टेकवून ५ ते १० सेकंद धरा. तीन पिना असतील आणि त्यांवर छोटी प्लास्टिकची टोपी असेल, तर टोपी पहिल्या-दुसऱ्या पिनेवरून काढून दुसऱ्या-तिसऱ्यावर लावा, थोडं थांबा आणि परत पूर्वीच्या जागी आणा. टोपी परत आणायला विसरलात तर कॉम्प्युटर सुरू होणारच नाही. टेकवण्याआधी पिनांशेजारचं नाव दोनदा वाचा, कारण जवळच यूएसबीच्या आणि पंख्यांच्याही पिना असतात. उजेड कमी असेल तर मोबाइलचा टॉर्च लावा, अंदाजाने टेकवू नका.

पिना सापडत नसतील तर गोल सेल काढा. तो सीआर२०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो. बाजूची पत्री खिटी नखाने हलकेच मागे सरकवली की तो उसळून वर येतो. १० मिनिटं बाहेर ठेवा आणि अधिक चिन्ह वर ठेवून परत बसवा. काही बोर्डांवर ग्राफिक्स कार्ड नेमकं सेलच्या डोक्यावर येतं. मग कार्ड आधी काढावं लागेल, आणि ते काढताना स्लॉटची खिटी सोडवायला विसरू नका.

रीसेट झाल्यावर पहिल्या वेळी पुन्हा मेमरी ट्रेनिंग होतं. म्हणजे परत घड्याळ.

सेल काढून पाहिला, तरी काही फरक नाही. आता?

आधी खात्री करा की सेल काढताना प्लग खरोखर काढलेला होता. तो जोडलेला असेल तर स्टँडबाय विजेवर जुनी सेटिंग टिकून राहू शकतात. शिवाय नव्या बोर्डांत बरीच सेटिंग फ्लॅश चिपमध्ये राहतात, त्यामुळे नुसता सेल काढून ती जातीलच असं नाही. पिनांचा मार्ग जास्त भरवशाचा.

तेही करून झालं असेल तर पसारा कमी करा. रॅमची एकच स्टिक ठेवा. चार स्लॉटच्या बोर्डावर ती प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावा. नाही चालली तर तिथे दुसरी स्टिक लावून बघा. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असेल तर कार्ड काढा आणि मॉनिटरची केबल बोर्डाला जोडा. प्रोसेसरची ८ पिनांची पॉवर केबल काढून पुन्हा खट् असा आवाज येईपर्यंत बसवा, कारण हात आत-बाहेर करताना ती सैल झालेली असू शकते. जास्तीच्या डिस्क आणि यूएसबीची उपकरणं काढून ठेवा.

त्यानंतरचा उपाय बायोस पुन्हा टाकण्याचा. बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसर किंवा डिस्प्ले नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायोस टाकण्याची सोय असते. आसूसमध्ये तिला बायोस फ्लॅशबॅक म्हणतात, गिगाबाइटमध्ये क्यू-फ्लॅश प्लस. पेन ड्राइव्ह फॅट३२ केलेला हवा, फाइलचं नाव मॅन्युअलमध्ये दिलंय अगदी तसंच हवं, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत वीज जाता कामा नये.

प्रोसेसर सॉकेटमधून काढायची घाई मात्र करू नका. ओव्हरक्लॉकिंगने तो सॉकेटमध्ये हलत नसतो. वाकलेल्या पिना हाच तिथला नेहमीचा नवा बिघाड असतो.

मी तर फक्त एक्सएमपी चालू केलं होतं. तेही ओव्हरक्लॉकिंग झालं का?

झालं. एक्सएमपी म्हणजे रॅममध्येच साठवलेलं जास्त वेगाचं तयार प्रोफाइल. डीडीआर४ चं प्रमाणित व्होल्टेज १.२ आहे, तर ३२०० च्या एक्सएमपी प्रोफाइलमध्ये ते बहुधा १.३५ असतं. डीडीआर५ चं प्रमाणित व्होल्टेज १.१ आहे आणि वेगवान प्रोफाइलमध्ये तेही वाढतं. एएमडीच्या एक्सपोचंही तसंच. पाकिटावर छापलेला वेग रॅमच्या चिप्स गाठू शकतात एवढंच त्यातून कळतं. तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर आणि तुमचा बोर्ड तो पेलतील याची हमी त्यात नसते. चार स्टिक लावल्या असतील किंवा दोन वेगवेगळी पाकिटं एकत्र केली असतील, तर नाव एकच असलं तरी जमेलच असं नाही. एक पायरी खाली या. ६००० नाही चाललं तर ५६०० करून बघा. रोजच्या वापरात हा फरक जाणवतही नाही.

रायझेन ७००० वापरणाऱ्यांनी बायोस आधी अद्ययावत करावं. २०२३ मध्ये त्या मालिकेतले काही प्रोसेसर, विशेषतः नावात एक्स३डी असलेले, जळाल्याच्या तक्रारी आल्यावर नव्या बायोसमध्ये एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजला) १.३ ची मर्यादा घातली गेली.

ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक केलं होतं, त्याने डिस्प्ले जाईल का?

आफ्टरबर्नरसारख्या सॉफ्टवेअरने केलं असेल तर ते विंडोज सुरू झाल्यावरच लागू होतं. बायोसची स्क्रीन दिसतेय आणि विंडोजमध्ये शिरल्यावर काळोख होतोय, तर सेफ मोडमध्ये जा आणि ते सॉफ्टवेअर काढून टाका. कार्डचं स्वतःचं बायोस बदललं असेल तर गोष्ट वेगळी. कार्डवर दोन बायोसचा बारीक स्विच असेल तर कॉम्प्युटर बंद करून तो दुसरीकडे सरकवा.

लोगो येतो, पण विंडोज निळ्या स्क्रीनवर पडतं. पुन्हा टाकू का?

नको, आत्ता तर मुळीच नको. अस्थिर रॅमवर विंडोज टाकलं तर नव्या फाइलीसुद्धा बिघडलेल्याच उतरतील. आधी बायोसमध्ये सगळं डिफॉल्ट करा. मग पेन ड्राइव्हवरून मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम चालवा, शक्य तर रात्रभर. एकही चूक दिसली तरी ती चूकच धरायची. रॅमच्या बाबतीत “एवढं चालतं” असं काही नसतं.

निळ्या स्क्रीनवरचं नाव लिहून ठेवा. व्हिया अनकरेक्टेबल एरर किंवा क्लॉक वॉचडॉग टाइमआउट दिसलं तर बोट बहुधा प्रोसेसरच्या फ्रिक्वेन्सी-व्होल्टेजकडे जातं, मेमरी मॅनेजमेंट दिसलं तर आधी रॅमकडे. इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस दिसलं तर वर सांगितलेला स्टोरेजचा मोड तपासा. हार्डवेअर स्थिर झाल्यावर विंडोजची सिस्टिम फाइल तपासणी चालवा. बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतं.

तासभर स्ट्रेस टेस्ट पास झाली, तरी सकाळी पहिल्यांदा चालू करताना अडकतं. असं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे माणूस स्वतःच्या चाचणीवर विश्वास ठेवून फसतो. स्ट्रेस टेस्ट गरम, पूर्ण भाराखालच्या प्रोसेसरची परीक्षा घेते. सकाळी थंड कॉम्प्युटर चालू होताना परीक्षा वेगळीच असते. प्लग काढून ठेवला असेल तर बऱ्याच बोर्डांवर ट्रेनिंग नव्याने होतं, रॅम थंड असते, आणि काल जेमतेम जुळलेले आकडे आज जुळत नाहीत. रायझेनच्या नव्या बोर्डांवर मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोर नावाचं सेटिंग असतं. ते मागच्या ट्रेनिंगचे निकाल जपून ठेवतं, त्यामुळे कॉम्प्युटर लवकर उठतो. पण रॅम काठावर चालत असेल तर तेच घात करतं. ते बंद करून बघा.

दुसरा प्रकार कर्व्ह ऑप्टिमायझरचा (रायझेनमध्ये प्रत्येक कोअरचं, म्हणजे प्रोसेसरमधल्या प्रत्येक स्वतंत्र गणना करणाऱ्या भागाचं, व्होल्टेज कमी-जास्त करणारं सेटिंग) किंवा हाताने व्होल्टेज कमी करण्याचा. पूर्ण भाराखाली सगळे कोअर कमी फ्रिक्वेन्सीवर असतात, म्हणून टेस्ट पास होते. काम हलकं असलं की एखादाच कोअर सर्वोच्च फ्रिक्वेन्सीवर उडी मारतो, आणि कमी केलेलं व्होल्टेज नेमकं तिथे अपुरं पडतं. म्हणून व्हिडिओ एन्कोडिंग तासन् तास चालतं, आणि नुसता ब्राउझर उघडल्यावर किंवा काहीच न करता ठेवल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. सगळ्या कोअरना उणे ३० देण्याऐवजी उणे १० पासून सुरुवात करा. सगळ्यात वेगवान कोअरना सहसा कमीच सूट द्यावी लागते.

सगळं डिफॉल्ट केलं, तरी क्रॅश होतोच आहे. म्हणजे हार्डवेअर गेलं?

आता ती शक्यता धरायला हवी. एसएमपीएसने संरक्षण म्हणून वीज तोडली असेल तर मागचा स्विच बंद करून काही मिनिटांनी पुन्हा चालू करून बघा. त्याचा डबा मात्र कधीही उघडू नका, आतल्या कॅपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढी वीज प्लग काढल्यावरही राहू शकते. एखाद्या मित्राकडचे भाग मिळत असतील तर एका वेळी एकच बदला : आधी रॅम, मग एसएमपीएस, शेवटी बोर्ड आणि प्रोसेसर.

इंटेलचे १३ व्या आणि १४ व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर असतील तर दोष तुमच्या ओव्हरक्लॉकिंगचा नसूही शकतो. काही प्रोसेसर अवाजवी व्होल्टेज मिळाल्यामुळे मूळ सेटिंगवरही अस्थिर होत असल्याचं इंटेलने मान्य केलं, २०२४ मध्ये मायक्रोकोडची (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची) दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. नवं बायोस पुढचं नुकसान थांबवण्यासाठी आहे, झालेलं नुकसान त्याने भरून निघत नाही. अशा प्रोसेसरसाठी वॉरंटीचाच रस्ता धरा.

वॉरंटीत बसेल का?

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी दोघांच्याही नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. तक्रार करताना खरं काय ते सांगा. रॅमसाठी तिच्या कंपनीची वॉरंटी वेगळी असते, ती स्वतंत्रपणे तपासा.

पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर सुरुवात कशी करू?

डिफॉल्टवर दोन-तीन दिवस नेहमीसारखा वापरा. कुठेही अडकला नाही, तर बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढा आणि ती सेटिंग प्रोफाइल म्हणून सेव्ह करा. बायोस अपडेट केल्यावर सेव्ह केलेली प्रोफाइल पुसली जाऊ शकतात, फोटो राहतात. मग आधी फक्त रॅम, आणि ती पक्की झाल्यावर प्रोसेसर. एका वेळी एकच आकडा बदला. दोन आकडे एकदम बदलले आणि स्क्रीन काळी झाली, तर दोष कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. मल्टिप्लायर एकाने वाढवा, १०० मेगाहर्ट्झची एक पायरी. बेस क्लॉकला शक्यतो हात लावू नका, बऱ्याच बोर्डांवर त्यासोबत पीसीआय एक्सप्रेसचाही (ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी जोडणाऱ्या मार्गाचाही) वेग हलतो आणि एसएसडीवरच्या फाइलींना धोका पोहोचतो. बोर्डाशेजारी एक वही ठेवा : तारीख, काय बदललं, व्होल्टेज किती, तापमान किती, सकाळी थंड असताना चालू झाला की नाही. हा शेवटचा रकाना रिकामा असेल तर पुढचा आकडा बदलू नका.